मार्सिया मॉर्नेचा कामाचा दिवस

पहाटे साडेपाच

कल्व्हर सिटीत वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर एमजीएम स्टुडिओचं मोठं फाटक आहे. अंधार असतानाच त्यातून आत शिरतात त्या केशरचना करणाऱ्या, इस्त्रीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि मेकअपवाले. साल १९३६ संपत आलं आहे आणि 'मेटाइम'चं चित्रीकरण जोरात चालू आहे. पॅरिसमध्ये नाव कमावलेली अमेरिकन ऑपेरागायिका मार्सिया मॉर्ने, तिला घडवणारा गुरू निकोलाय नाझारॉफ, आणि लॅटिन क्वार्टरमधला उमदा, बेफिकीर गायक पॉल अ‍ॅलिसन, अशी ही तिघांची कथा. गुरूच्या उपकारांना जागून मार्सिया त्याला लग्नाचा होकार देते आणि नेमकी त्याच रात्री तिची पॉलशी गाठ पडते.

पुढे मांडलेला दिवस एखाद्या ठराविक तारखेचा नाही. त्या काळी हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओत संगीतपट ज्या रीतीने तयार होत, त्यावरून तो जुळवला आहे. माणसं आणि गाणी मात्र याच चित्रपटातली. 'मेटाइम' मला अतिशय प्रिय आहे, आणि त्यामागची मेहनत जसजशी कळत गेली तसतसा तो अधिकच आवडत गेला. पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून गातात तेव्हा ते गाणं त्या क्षणी उमटत आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आवाज एका दिवशी, एका खोलीत तयार झालेला असतो आणि चेहरा दुसऱ्या दिवशी, दुसरीकडे. त्या दोघांना पुन्हा एक करायचं, हेच या सगळ्या माणसांचं काम.

सहा

जेनेट मॅकडोनाल्ड मेकअपच्या खुर्चीत बसली आहे. तिचे केस लालसर सोनेरी आहेत, पण चित्रपट काळापांढरा. त्यामुळे केसांचा रंग दिसणार नाही, नुसती चमक दिसेल, आणि ती चमक नीट पडावी म्हणून एकेक बट जागेवर बसवली जाते. या चित्रपटात तिला दोन चेहरे आहेत. एक ऐन तारुण्यातला, आणि दुसरा म्हातारपणाचा, मिस मॉरिसन या नावाने गावात एकटी राहणाऱ्या बाईचा. सगळी कथा ही म्हातारीच एका तरुण मुलीला सांगते. म्हातारपणाच्या दिवशी खुर्चीतला वेळ कितीतरी वाढतो. आज तरुण मार्सियाचा दिवस आहे, म्हणजे सुटका लवकर.

मग कपडे. ते एड्रियनने आखलेले. कथा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधली, तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारातली. तेव्हा कंबर आवळलेली आणि खाली घेर एवढा की दारातून आडवं जावं लागावं. हा पोशाख घालून खुर्चीत बसता येत नाही. बसलं की चुण्या पडतात आणि कॅमेऱ्याला त्या लगेच दिसतात. म्हणून सेटवर नट्यांसाठी तिरक्या फळ्या ठेवलेल्या असतात, हात टेकायला आधार असलेल्या. दोन शॉटच्या मध्ये त्यांच्यावर नुसतं रेलायचं. दिवसभर एवढाच काय तो विसावा.

सात

कंबरपट्टा पूर्ण आवळण्याआधी गळा तापवून घ्यायचा असतो, कारण श्वास पोटातून घ्यायचा आणि पोटालाच जागा नाही अशी पुढची अवस्था. आधी मिटल्या ओठांनी गुणगुणणं, मग हळूहळू वरचे स्वर.

गाणं तर केव्हाच ध्वनिमुद्रित झालेलं आहे, मग आज गळा कशाला तापवायचा? त्याचं उत्तर सेटवर मिळेल. मॅकडोनाल्ड या वेळी ऑपेराच्या खऱ्या रंगमंचावर एकदाही उभी राहिलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिने पडद्यावर ऑपेरागायिका रंगवल्या, त्या आधीच्या 'रोझ मेरी'तही आणि इथेही, पण प्रत्यक्ष ऑपेरात ती पहिल्यांदा गायली ती १९४३ साली, माँट्रियलमध्ये, गूनोच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधली ज्युलिएट म्हणून. म्हणजे 'मेटाइम'नंतर तब्बल सहा वर्षांनी. चाळिशीला टेकलेली, नाव-पैसा सगळं मिळवलेली नटी नव्याने शिकवणीला बसते आणि ज्या मंचाचं सोंग तिने इतकी वर्षं घेतलं त्यावर खरोखर चढते, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९३६ च्या या सकाळी ती आशा तिच्या मनात आहेच, असं समजूनच मी तिचं गाणं ऐकतो.

आठ

वॉर्डरोबच्या बाहेर रांग आहे ती एक्स्ट्रा कलाकारांची. ऑपेरा हाउसचं दृश्य म्हणजे प्रेक्षागृह भरलेलं हवं. त्यासाठी माणसं येतात सेंट्रल कास्टिंगमधून. सगळ्या स्टुडिओंनी मिळून १९२५ च्या अखेरीस ही संस्था उभी केली, कारण त्याआधी लोक फाटकाबाहेर ताटकळत आणि दलालांचं फावे. आता एक्स्ट्राने संध्याकाळी फोन करून काम आहे का विचारायचं. बहुतेक वेळा पलीकडून 'काम नाही' एवढंच ऐकू येतं. ज्यांना काल 'या' असं सांगितलं गेलं ते आज सॅटिनचे झगे आणि शेपटाचे कोट अंगावर चढवत आहेत.

नऊ

दिग्दर्शक रॉबर्ट झेड. लेनर्ड सेटवर. त्याचा 'द ग्रेट झीगफेल्ड' याच वर्षी आलेला, आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच मिळणार. कॅमेऱ्यामागे ऑलिव्हर मार्श. त्याची माणसं दिवे लावत आहेत आणि मॅकडोनाल्डच्या जागी तिच्याच उंचीची दुसरी मुलगी उभी आहे. नायिकेचा चेहरा ताजा राहावा म्हणून प्रकाशयोजना होईपर्यंत उभं राहण्याचं काम तिचं.

सेटवर सगळेच जरा जपून आहेत, आणि त्याला कारण आहे. 'मेटाइम' हा दुसऱ्यांदा होत आहे. पहिल्यांदा तो टेक्निकलरमध्ये सुरू झाला होता. निर्माता आयर्विंग थॅलबर्ग, दिग्दर्शक एडमंड गूल्डिंग. १४ सप्टेंबर १९३६ ला थॅलबर्ग गेला, वय अवघं ३७. काम थांबलं आणि तोवर झालेलं चित्रीकरण बाजूला ठेवलं गेलं. मग हंट स्ट्रॉमबर्ग निर्माता झाला, लेनर्ड आला, पटकथा बदलली, रंग गेला. गुरूच्या भूमिकेतला पॉल लुकास जाऊन जॉन बॅरिमोर आला. माझ्या मते ही अदलाबदल चित्रपटाच्या पथ्यावर पडली. शेवटच्या दृश्यात पाकळ्यांचा वर्षाव आहे, तो रंगात कदाचित फार गोड झाला असता.

दहा ते एक

आज 'झारित्सा'. मार्सिया आणि पॉल सात वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये भेटतात तेच ऑपेराच्या मंचावर; नायक-नायिका म्हणून दोघांना एकत्र गायचं आहे आणि तिचा नवरा नाझारॉफ बघतो आहे.

'झारित्सा' नावाचा ऑपेरा जगात नाही. तो या चित्रपटासाठी हर्बर्ट स्टॉटहार्टने चायकॉव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतून बांधला. शब्द रॉबर्ट राइट आणि जॉर्ज फॉरेस्ट या दोन पोरसवदा गीतकारांचे, आणि ते मग फ्रेंचमध्ये नेलेले. शिस्तीने पाहिलं तर यात काळाचा घोळ आहे: सिंफनी १८८८ ची आणि कथेतला प्रयोग त्याच्या एक तपाहून आधीचा. पण चित्रपट बघताना मला तो घोळ एकदाही बोचला नाही.

एवढे ऑपेरा तयार असताना नवा कशाला रचला? मला यात एक साधी अडचण दिसते. ऑपेरात नायिका सोप्रानो, म्हणजे बायकांच्या वरच्या पट्टीची गायिका असली की तिचा प्रियकर बहुधा टेनर असतो, पुरुषांच्या वरच्या पट्टीचा. मधल्या, भारदस्त आवाजाच्या बॅरिटोनच्या वाट्याला येतो तो बाप, प्रतिस्पर्धी नाहीतर खलनायक. आणि पॉलची भूमिका करणारा नेल्सन एडी तर बॅरिटोन! या दोघांनी भरल्या मंचावर एकमेकांवरचं प्रेम गाऊन मोकळं करायचं, तर रूढ ऑपेरांत तशी जागा सहजी सापडत नाही. म्हणून ती घडवली. आणि काय घडवली! सिंफनीतला तो संथ, हॉर्नवर येणारा मधल्या भागाचा सूर दोन माणसांच्या गळ्यांत येतो तेव्हा तो मुळातच द्वंद्वगीत असावा असं वाटतं.

सेटच्या कडेला फिरत्या तबकडीशी ध्वनिविभागाचा माणूस बसला आहे. ध्वनिमुद्रण झालं ते फिल्मवर, पण सेटवर वाजवायला त्याची तबकडी काढलेली असते. लेनर्ड खूण करतो, सुई टेकते, मोठ्या स्पीकरमधून ऑर्केस्ट्रा उसळतो. ही पद्धत याच स्टुडिओत रुजली. १९२९ च्या 'ब्रॉडवे मेलडी'तलं एक नृत्य थॅलबर्गला पुन्हा चित्रित करून हवं होतं. ध्वनिविभागप्रमुख डग्लस शिअरर म्हणाला की आवाज उत्तम आहे, तोच स्पीकरवर वाजवू आणि नुसतं चित्र घेऊ. खर्च वाचला, आणि संगीतपटाचं कामच बदललं. कॅमेरा मायक्रोफोनच्या दावणीतून सुटला, गाणं चालू असताना दिग्दर्शकाला ओरडून सूचना देता येऊ लागल्या, आणि पन्नास माणसांच्या पायरवाची भीती उरली नाही.

आपल्याकडे ही रीत आली ती कोलकात्याच्या न्यू थिएटर्सच्या १९३५ च्या 'धूपछाँव'मधून. पुढे आपण ती फार दूर नेली, इतकी की चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा हेच नेहमीचं झालं. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाने हा बदल कसा पचवला असेल याचं मला नवल वाटतं, कारण ऑर्गनचा सूर लागला की समोरचा नटच गाणार, ही त्याची पिढ्यांची सवय. मॅकडोनाल्ड आणि एडी या दोन्हींच्या मध्ये उभे आहेत. आवाज त्यांचाच, पण वेगळ्या दिवशीचा.

म्हणून तर सकाळी गळा तापवायचा. ओठ नुसते हलवले तर कॅमेरा ते पकडतो: वरचा स्वर लागताना मानेची शीर ताणली जात नाही, छाती भरत नाही, श्वास कुठे घेतला ते दिसत नाही. जाणती गायिका तबकडीबरोबर खरोखर गाते. आणि ते गाताना आणखी एक अवघड काम असतं. रंगमंचावर तार स्वराला जबडा वासला तरी चालतो, कारण पहिली रांगही लांब असते. इथे चेहरा पडद्यावर दोन मजले उंच होणार. तोंड पूर्ण उघडायचं, तरी कपाळावर आठी नाही, ओठ वाकडे नाहीत. मॅकडोनाल्डला हे ज्या सहजतेने जमतं ते पाहायचं असेल तर तिच्या डोळ्यांकडे न बघता एकदा नुसतं गळ्याकडे बघावं. सगळी मेहनत तिथे आहे. वर चेहरा मात्र प्रेमात पडलेल्या बाईचा.

आता स्पीकर कुठे ठेवायचा याची घासाघीस सुरू होते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे स्पीकर गायिकेपासून १४ मीटरवर असला की गाणं तिच्या कानावर एक चौकट उशिरा पोहोचतं, ती एक चौकट उशिरा उचलते, आणि पडद्यावर तेवढी मागे पडते. एक चौकट चालून जाते. दोनला जाणकाराचा डोळा अडतो. तीनला थिएटरातला कुणीही अस्वस्थ होतो, आपल्याला काय खटकलं हे न कळता. झारच्या दरबाराचा सेट म्हटला की कोरस पार मागच्या पायऱ्यांपर्यंत पसरलेला. त्यांच्याजवळ वेगळा स्पीकर ठेवावा, तर मधल्या माणसांना दोन्हींचे आवाज मागेपुढे ऐकू येणार. मग स्पीकर हलवायचे, कोरसला पुढे सरकवायचं, नाहीतर ते ओठ दिसणार नाहीत इतक्या लांब न्यायचं. पडद्यावर आपण ज्या रचनेला भव्य म्हणतो तिच्यात अशा तडजोडी मुरलेल्या असतात.

खालच्या खड्ड्यात वादक बसले आहेत, गज एकसारखे खालीवर करत. त्यांच्या वाजवण्यातलं काहीच चित्रपटात येणार नाही. पण त्यांचा गज तबकडीतल्या व्हायोलिनबरोबर उलटला पाहिजे, म्हणून या कामाला वादकच लागतात.

पहिला शॉट, दुसरा, पाचवा. कधी प्रकाश सरकतो, कधी घोळ पायात येतो. खरी ऑपेरागायिका एका संध्याकाळी भूमिका गाते आणि मग गळ्याला विश्रांती देते. इथे एकाच ओळीचा कळस सकाळपासून पुन्हा पुन्हा गाठायचा, आणि प्रत्येक वेळी सात वर्षांनी पहिल्यांदा भेटल्यासारखा.

एक

जेवणाची सुट्टी. एमजीएमच्या खानावळीत स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयरच्या आवडीचं चिकन सूप मिळतं, पण आवळलेल्या कमरेला फार काही सोसत नाही. मुकुट, मिशा आणि शेपटाचे कोट यांची गर्दी एका टेबलाशी, आणि शेजारी दुसऱ्याच चित्रपटातले शिपाई.

दोन

जॉन बॅरिमोर. एकेकाळी न्यूयॉर्क आणि लंडनला त्याच्या हॅम्लेटने झपाटलं होतं. आता चौपन्न वर्षांचा, दारूने पोखरलेला, संवाद स्मरणात राहत नाहीत. या वर्षांत त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या आसपास फलक धरले जात, त्यावर ठळक अक्षरांत त्याची वाक्यं. नजर वाचत असते, आणि तरीही नाझारॉफ समोरच्याच्या आरपार बघतो असं आपल्याला वाटतं. मला तर अनेकदा वाटलं आहे की ती जराशी रोखून राहिलेली, बाजूला वळलेली नजरच त्या माणसाचा संशय होऊन बसली.

दुपारी त्याचे जवळचे शॉट आहेत: प्रयोग चालू आहे, बायको आणि तो बॅरिटोन गात आहेत, आणि प्रेक्षकांत बसलेल्या नवऱ्याला हळूहळू कळत जातं. हे घेताना मंचावर गायक असायची गरज नसते. तबकडी वाजते, तो ऐकतो, बस्स. एक शब्दही नाही, त्यामुळे फलकही नाही. आख्ख्या चित्रपटातला त्याचा सर्वांत बोलका अभिनय मला इथेच दिसतो. त्याच्या वाट्याला आलेला माणूस खलनायक म्हणून काढून टाकावा असा नाहीच. त्याने मुलीला शिकवलं, वाढवलं, मंचावर उभं केलं, आणि बदल्यात कृतज्ञता मिळाली. कृतज्ञतेवर त्याला संसार उभा करायचा होता. पुढे तो पॉलवर गोळी झाडतो तेव्हा राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही, आणि ते बॅरिमोरचं श्रेय आहे.

चार

इकडे दिवे हलत असतात तेव्हा दुसऱ्या इमारतीत ध्वनिमुद्रणाचा तांबडा दिवा लागलेला असतो. तिथे स्टॉटहार्ट ऑर्केस्ट्रासमोर उभा आहे. या इमारतीत कुणालाही मेकअप नाही; वादकांच्या बाह्या दुमडलेल्या, आणि गायक येतात तेही साध्या कपड्यांत. 'मेटाइम' मूळची सिग्मंड रॉम्बर्गची १९१७ सालची संगीतिका, पण चित्रपटात तिच्यातलं म्हणावं असं एकच गाणं उरलं: मे महिन्याच्या जत्रेत दोघं गातात ते, आणि शेवटी पुन्हा येतं ते. बाकी सगळं इकडचं तिकडचं: मायरबेअरच्या 'ले युग्नो'मधलं हुजऱ्याचं गाणं, देलिबचं स्पॅनिश ढंगाचं गाणं, आणि एडीने विद्यार्थ्यांच्या टोळक्यात गायलेली गमतीची गाणी.

एकच गाणं ठेवलं हे बरं झालं. ते पहिल्यांदा येतं तेव्हा मार्सिया दुसऱ्याला शब्द देऊन बसलेली असते, म्हणून ऐकताना गोडव्याबरोबर पोटात खड्डाही पडतो. दुसरं एखादं तितकंच सुरेल प्रेमगीत मध्ये आलं असतं तर शेवटाला हे गाणं इतकं भिडलं नसतं.

सहा

सेटवर हाक उठते आणि दिवे एकेक करून मालवतात. आठवड्याचे सहा दिवस हे असंच, आणि काम अडलं तर रात्रही. मधल्या विश्रांतीच्या तासांचा धड करार नाही. नटांची संघटना १९३३ मध्ये याच गाऱ्हाण्यांतून उभी राहिली, पण स्टुडिओंनी तिला मान्यता दिली ती मे १९३७ मध्ये. तोवर 'मेटाइम' प्रदर्शित होऊन लोकांच्या ओठी बसलेला होता. त्या गाण्यातलं वसंताचं सुख ज्यांनी पडद्यावर आणलं, त्यांच्यातल्या मागच्या रांगेतल्यांना कामाचे तास मोजून मिळावेत यासाठी तोच मे महिना उजाडावा लागला.

आठ

छोट्या खोलीत कालचं काम पडद्यावर येतं. लॅब स्टुडिओच्या आवारातच, तिची रात्रपाळी असते. काल घेतलेलं आज संध्याकाळी बघायला तयार. स्ट्रॉमबर्ग, लेनर्ड, आणि संकलक कॉनराड नेर्व्हिग. नेर्व्हिगने दुपारीच मूव्हिओला या संकलनयंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर ओठ आणि सूर जुळवून बघितलेले असतात. शॉटच्या सुरुवातीची पाटी आणि तबकडीचा पहिला ठोका जुळतात, पण अशा वेळी हमखास एखादी जागा निघते: तिसऱ्या ओळीचा उठाव दोन चौकटी मागे. आवाज दोन चौकटींनी सरकवला तर हा उठाव जुळतो आणि पुढचा सूर तोंड उघडल्यानंतर उशिरा ऐकू येतो. चेहरा तर त्या शॉटमध्ये अप्रतिम लागलेला.

खोलीत थोडी चर्चा होते. प्रेक्षकांवर कॅमेरा नेऊन ती ओळ झाकता येईल, पण याच ओळीवर पॉल तिच्याकडे वळतो, म्हणजे झाकायची ती जागा नव्हेच. सेट अजून उभा आहे. पुन्हा घ्यायचं ठरतं, आणि सहायक फोनकडे जातो: सकाळी सातला वॉर्डरोब, मंचाजवळच्या पहिल्या चार रांगा, कालच्याच कपड्यांत.